नट म्हणजे काजू-बदाम

मी एकोणतीस वर्षं जळगावच्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. व्याकरण शिकवलं, निबंध शिकवले, दहावीच्या मुलींच्या वह्यांची चळत संपवता संपवता चष्म्याचे तीन नंबर वाढवून घेतले. पण आजही भाजीबाजारात कुणी मला ओळखलं तर विचारतं, "तुम्ही त्या स्वयंपाकाच्या इंग्रजीच्या बाई ना?" मी हो म्हणते आणि वांगी निवडायला लागते. माणसाचं नाव कशामुळे होईल हे त्याच्या हातात नसतं. मला स्वतःला स्वयंपाकाची फारशी आवड नाही. आमच्या घरी चहा यजमान करतात आणि माझ्यापेक्षा बरा करतात.

हे प्रकरण सुरू झालं ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. शाळेतल्या एका शिक्षिकेची नणंद मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघाली होती. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाई, मला सगळं इंग्रजी नको. स्वयंपाकघरापुरतं शिकवा. मराठी न समजणाऱ्या जावयासमोर गॅस लावायचीसुद्धा खूण करायला लागू नये." मला वाटलं, आठ दिवसांचं काम आहे. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, झाऱ्याला काय म्हणतात? मी एम.ए. होते. आमच्या अभ्यासक्रमात भरपूर कवी होते, पण त्यातल्या कुणाला झाऱ्यावर काही सुचलेलं नव्हतं. मी म्हटलं, उद्या सांगते. मग तिने उलथणं विचारलं, किसणी विचारली, पोळपाट विचारला. त्या दिवशी मी तिला सात वेळा "उद्या सांगते" म्हटलं आणि ती गेल्यावर शब्दकोश घेऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बसले.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात शिकवण्यासारखं काय आहे? वस्तू दाखवायची, नाव सांगायचं. नावं पाठ होतात हो. अडतं ते क्रियापदाशी. आपण चहा टाकतो, कुकर लावतो, भाकरी थापतो, फोडणी देतो. माझ्या विद्यार्थिनी हे सगळं शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेत. एकीने चहा फेकला, दुसरीने कुकरचा अर्ज केला. दूध फाटलं हे सांगताना एक बाई म्हणाली, मिल्क इज टोर्न, आणि दोन्ही हातांनी कापड फाडल्यासारखं करून दाखवलं. आपल्याकडे वांगंही भाजतात, पापडही भाजतात, रवाही भाजतात आणि उन्हात पायही भाजतात. इंग्रजीत प्रत्येकाला वेगळा शब्द. उलट त्यांच्याकडे हॉट म्हटलं की ते गरम की तिखट, हे ज्याचं त्याने ओळखायचं. आणि भाजी? बाजारातली कच्ची ती भाजी, कढईतली शिजलेली तीही भाजी, हिरवी असेल तर पालेभाजी. हे समजावताना मला आपल्या भाषेचा राग यायचा आणि मग इंग्रजीचाही यायचा. फोडणीला तर मी शेवटपर्यंत समाधानकारक शब्द देऊ शकले नाही. शब्दकोशात जो आहे, टेम्परिंग, तो ऐकून कुणालाही लोखंडाला पाणी देतात त्याची आठवण व्हावी.

ती नणंद अमेरिकेला जाऊन आली, तिने चार जणींना सांगितलं, आणि दोन वर्षांत माझ्या घरच्या पुढच्या खोलीत आठ-दहा माणसांचा वर्ग भरायला लागला. आमची शाळा सकाळची. त्यामुळे रविवारी आणि गुरुवारी दुपारी अडीच ते चार, जमिनीवर सतरंजी, भिंतीला फळा. मी शब्दांची यादी तयार केली, ती सायक्लोस्टाइल करून आणली. चार पानं. पहिल्या पानावर भांडी, दुसऱ्यावर कृती, तिसऱ्यावर धान्यं-कडधान्यं-तेलबिया, चौथ्यावर भाज्या, फळं, दूध-अंडी आणि सुकामेवा. त्या यादीचा मला फार अभिमान होता. धुळ्याहून आलेली माझी बहीण तिच्या शेजारणींसाठी दोन प्रती घेऊन गेली होती.

वर्गातली माणसं म्हणजे एकेक डोकेदुखी. सराफ बाजारातल्या एका मारवाडी जैन घरातली सून होती, कांचन. तिचा नवरा हिऱ्यांच्या कामासाठी परदेशी जाणार होता आणि ती बरोबर जाणार होती. तिने यादी हातात पडताच पेनने कांदा, लसूण, बटाटा आणि अंडं हे चारही शब्द नीट आडवी रेघ मारून खोडले. मी म्हटलं, अगं, खायचे नाहीत म्हणून तर ते शब्द यायला हवेत, नाहीतर नको म्हणून कशी सांगशील? ती म्हणाली, "बोलायचं तरी कशाला तोंडाने?" चोपड्याचे एक नाना होते, केळीचे बागायतदार, पासष्टीच्या पुढचे. मुलाकडे कॅनडात सहा महिने राहायला चालले होते, सून तिकडचीच. त्यांना एकच वाक्य हवं होतं: सूनबाई, तुम्ही त्रास घेऊ नका, माझा चहा मी करून घेतो. ते वाक्य त्यांना पाच आठवडे येईना. सहाव्या आठवड्यात आलं, तेव्हा कळलं की नानांना चहा करताच येत नाही. मग आमच्या यजमानांनी त्यांना चहा शिकवला.

अशा वर्गात एका गुरुवारी सुमनअक्का आल्या.

धरणगावच्या रस्त्यावर तेव्हा एक नवा कारखाना उभा राहत होता. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. यंत्रं परदेशातून आली होती आणि ती बसवायला तिथले इंजिनिअर येणार होते, पाळीपाळीने, वर्षभर. त्यांच्यासाठी कारखान्याच्या आवारात पाच खोल्यांचं गेस्ट हाऊस बांधलं होतं आणि तिथल्या स्वयंपाकाला अक्का होत्या. धरणगावच्याच. पन्नाशीच्या, बुटक्या, कपाळावर मोठं कुंकू, हातांवर तेलाच्या जुन्या डागांचे ठिपके. दोन-दोनशे लोकांचं लग्नाचं जेवण त्यांनी उठवलेलं होतं, पण मॅनेजर चौधरी त्यांना म्हणाले होते, दोन महिन्यांत पाहुण्यांशी बोलण्यापुरतं इंग्रजी आलं तर ठीक, नाहीतर मुंबईहून कूक मागवतो.

"बाई, मन्ही नौकरी जाई," एवढंच त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या आणि सतरंजीच्या कडेला बसल्या.

अक्कांना मराठी वाचता येत होतं. इंग्रजी अक्षरं त्यांनी शिकायचं साफ नाकारलं. मी शब्द देवनागरीत लिहून देत असे, आणि त्या ते मोठ्याने, अहिराणी वळणाने म्हणत. बॉइल, फ्राय, स्टीम. उच्चार वाईट, पण पाठ चोख. त्यांच्यात एक खोड होती, ती मात्र मला असह्य व्हायची. त्या प्रत्येक शब्दाला दहा प्रश्न विचारत. बॉइल म्हटलं की, दूध बी बॉइल, अंडं बी बॉइल, मंग चहा? स्टीम म्हटलं की, ढोकळा स्टीम, मंग इडली? आणि कुकरातला भात? बाकीचे वर्गातले चुळबुळ करत. मला पुढची पानं संपवायची असत. मी म्हणायची, "अक्का, जेवढं शिकवतेय तेवढं शिका." त्या गप्प बसत आणि दोन मिनिटांनी पुन्हा विचारत.

तो दिवस मला नीट आठवतो. चौथं पान चाललं होतं. मी वाचलं, नट. अक्कांनी मान वर केली.

"नट म्हंजे ते बोल्टवरला ना? फॅक्टरीमा शे तो?"

वर्ग हसला. नाना म्हणाले, "नाटकातला नट बी शे." पुन्हा हसणं. मी फळ्यावर डस्टर आपटलं आणि म्हटलं, "नट म्हणजे काजू-बदाम. सुकामेवा. काजू, बदाम, पिस्ता, अक्रोड. बास."

"मंग शेंगदाना?"

"शेंगदाण्याचं वेगळं नाव आहे. ग्राउंडनट. तिसऱ्या पानावर, तेलबियांत."

अक्कांनी तिसरं पान उलटलं, माझ्या देवनागरी अक्षरांवर बोट ठेवलं. "त्यामा बी नट शे ना, बाई."

चार वाजत आले होते. मला वह्या तपासायच्या होत्या. मी म्हटलं, "अक्का, गोंधळ करू नका. ते जमिनीखाली येतं, हे झाडावर येतं. नट म्हणजे काजू-बदाम. लिहा."

त्यांनी लिहिलं. ती प्रत अक्का पुढे माझ्याकडेच सोडून गेल्या, ती अजून आहे. सुकामेव्यासमोर पेन्सिलीने, दाबून: नट = काजू बदाम.

दोन महिने झाले. मॅनेजर चौधरींनी परीक्षा घेतली आणि अक्का पास झाल्या. मी त्यांना एक वाक्य खास घोटून घेतलं होतं: साहेब, तुम्ही काय खात नाही? प्रत्येक नव्या पाहुण्याला पहिल्याच दिवशी विचारायचं. या वाक्याचं कौतुक कारखान्यात झालं आणि चौधरींनी मला निरोप पाठवला की तुमच्यामुळे आमचं मुंबईच्या कूकचं संकट टळलं. मी तो निरोप शाळेत चार जणींना सांगितला.

पुढे एक जर्मन इंजिनिअर आले. सव्वासहा फुटांच्या वर. अक्कांना त्यांचं नाव म्हणता येईना, त्या त्यांना उंच साहेब म्हणत. मीही इथे तेच म्हणते. अक्कांनी पहिल्या संध्याकाळी आपलं वाक्य म्हटलं. साहेब खूश झाले आणि म्हणाले, नो नट्स. नट्स माझ्यासाठी फार वाईट. त्यांनी गळ्याला हात लावून दाखवलं. अक्कांना अर्थ लगेच कळला. शिकवलेलंच होतं. "नो नट, साहेब," त्या म्हणाल्या. खिरीतले काजू काढले, पुलावातले काढले, बदामाचा डबा उचलून भांडारात ठेवला. साहेब दोन दिवस टोस्ट, उकडलेली अंडी, केळी आणि तूप-वरण-भात खाऊन राहिले.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, चौधरींनी ठरवलं की पाहुण्यांना आपलं जेवण जेवू घालायचं. वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. आमच्याकडचं भरीत ज्यांनी खाल्लेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: मोठी हिरवी वांगी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांवर भाजायची, लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचायची, कांद्याची पात घालायची, आणि वर घाण्याच्या शेंगदाणा तेलात तळलेले शेंगदाणे ओतायचे. अक्कांनी शेंगदाणेही जरा ठेचूनच घातले, साहेबांना चावायला सोपं जावं म्हणून.

ताट पुढे आलं. साहेबांनी भरताकडे बोट दाखवून विचारलं, नट्स?

"नो नट, साहेब," अक्का म्हणाल्या. त्यांनी हे खरंच सांगितलं होतं. त्यांना जेवढं शिकवलं होतं तेवढ्यात ते शंभर टक्के खरं होतं.

साहेबांनी दोन घास खाल्ले.

तिथे मी नव्हते. चौधरींनी नंतर सांगितलं ते असं, की आधी त्यांनी ओठ पुसले, पुन्हा पुसले, मग खुर्ची मागे सारून उभे राहिले आणि गळा धरला. तोंड लाल झालं, डोळे मिटायला लागले, श्वास शिट्टी वाजल्यासारखा यायला लागला. चौधरींनी जीप काढली. जळगावात ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी पाहता क्षणी इंजेक्शन दिलं आणि नंतर म्हणाले, अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो.

अडीच वाजता माझा वर्ग सुरू झाला. मी फळ्यावर तारीख लिहीत होते. दारात अक्का उभ्या होत्या. गेस्ट हाऊसमधून तशाच निघाल्या होत्या, मिळाली ती एसटी धरून. लुगड्याच्या काठाला भरताचा हिरवा डाग होता. हातात माझी चार पानांची यादी.

"बाई," त्या म्हणाल्या, "यामा शेंगदाना कोठे शे ते माले दखाडा."

मी म्हटलं, "तिसऱ्या पानावर. का?"

"आनि चौथामा का नही?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. साहेब जिवंत आहे की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. त्या सांगत असताना माझ्या हातातला खडू मोडला आणि मी तो उचलायला वाकले, कारण मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "मी तुमले इचारं व्हतं."

कांचन उठली, पाण्याचा तांब्या आणला, अक्कांपुढे ठेवला. मी वर्ग सोडला.

आम्ही दोघी रिक्षाने दवाखान्यात गेलो. साहेब शुद्धीवर होते. चेहरा सुजून दुप्पट झालेला. बाहेर बाकावर चौधरी बसले होते. अक्कांना पाहताच ते उभे राहिले आणि म्हणाले, "आता कशाला आल्या? उद्यापासून यायचं काम नाही. भांडाराची चावी वॉचमनकडे द्या."

अक्कांनी कमरेची चावी काढून तिथेच त्यांच्या हातात दिली.

मी म्हटलं, "चौधरी साहेब, चूक माझी आहे. मी त्यांना नट म्हणजे फक्त काजू-बदाम सांगितलं."

"मॅडम, तुम्ही शिकवलं असेल. वाढलं यांनी."

"त्यांनी मला विचारलं होतं, शेंगदाणा त्यात येतो का. मी नाही म्हटलं. हवं तर लिहून देते."

"लिहून द्या," चौधरी म्हणाले. त्यांनाही कुणाला तरी उत्तर द्यायचं होतं. त्यांनी खिशातून डायरी काढून एक पान फाडलं, आणि मी दवाखान्याच्या भिंतीला कागद टेकवून लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत लहान इंग्रजी लिखाण ते, आणि एका वाक्यासाठी मी तीनदा खोडलं.

मग मी आत गेले. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत जिवंत युरोपियन माणसाशी बोलायचा हा माझा पहिला प्रसंग, आणि मी त्यांना सांगत होते की तुम्ही आज माझ्यामुळे मरणार होता. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. बोलणं त्यांना जड जात होतं. त्यांचं इंग्रजीही शाळेत शिकलेलंच होतं, माझ्यासारखं. ते म्हणाले की आमच्या भाषेत शेंगदाण्याच्या नावातच नट आहे, मला वाटलं सगळ्या जगाला ते कळतं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, इथे आणखी कशाकशात ते असतं?

मी सांगायला लागले. तेलात. चटणीत. उसळीत. शेवभाजीच्या रश्शात. पोह्यांत. साबुदाण्याच्या खिचडीत. कोशिंबिरीत. उपासाच्या आमटीत. वांग्याच्या रस्सा भाजीत. मी थांबले तेव्हा साहेबांनी डोळे मिटलेले होते. ते म्हणाले, म्हणजे कशात नसतं ते सांगितलंत तर लवकर होईल.

मला त्या क्षणी हसू आलं आणि हसल्याची लाजही वाटली.

साहेबांनी चौधरींना बोलावून सांगितलं की स्वयंपाकाच्या बाईला काढू नका. मी जे विचारलं त्याचं तिने खरं उत्तर दिलं. चौधरींनी तोंड वाकडं केलं, पण परदेशी माणसापुढे त्यांचं काही चालणार नव्हतं. चावी परत मिळाली. अक्का कामावर गेल्या. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. अक्कांनी साहेबांना काही म्हणून रांधून घालायचंच सोडलं. सकाळी दूध आणि केळी. दुपारी पाण्यात उकडलेला बटाटा, मीठ वेगळं. संध्याकाळी भात, वर साजूक तूप, तेही नवा डबा फोडून. बाकीच्या पाहुण्यांना सगळं मिळायचं. साहेबांच्या ताटात मात्र पांढरा रंग सोडून काही यायचं नाही. साहेबांनी खुणेने सांगितलं, चौधरींनी रागावून सांगितलं. अक्का ऐकत नव्हत्या. मी गेले समजवायला. नवी यादी नेली होती, नटच्या पुढे शेंगदाणा ठळक लिहून. मी ती पुढे केली, तर अक्का कढई घासत राहिल्या.

"तुम्हनं इंग्रजी ऱ्हाऊ द्या, बाई. मन्हा हातनं आते नही."

"अक्का, पण आता कळलंय ना आपल्याला."

"काल बी कळेल व्हतं," त्या म्हणाल्या.

ती यादी मी घरी आणली आणि कपाटात टाकली. वर्ग चालू होता, पण माझं लक्ष नव्हतं. प्रत्येक शब्दाला मला वाटायचं, याच्या पोटात आणखी काय लपलंय? कुणी प्रश्न विचारला की मी थांबायची. वर्ग आधीपेक्षा निम्म्या वेगाने चालायला लागला आणि लोक कंटाळायला लागले. मी स्वतःवर चिडलेली होते. पण खरं सांगायचं तर अक्कांवरही चिडलेली होते, कारण त्यांनी मला माफी मागायची संधीच दिली नव्हती.

पंधरा दिवस साहेबांनी उकडलेले बटाटे खाल्ले. सोळाव्या दिवशी, रविवारी सकाळी, कारखान्याची जीप आमच्या दारात उभी राहिली. साहेब चौकटीतून वाकून आत आले, सतरंजीवर मांडी घालायचा प्रयत्न करून शेवटी पाय लांब करून बसले आणि म्हणाले, मला शिकवा. एकच प्रश्न. तिच्या भाषेत.

मी मराठी वाक्य सांगितलं: यात शेंगदाणे आहेत का? लगेच मला वाटलं, हे नको. अक्का घरात, चुलीपुढे, शेजारणीशी जे बोलतात ते हवं. मी मूळची धुळ्याची, अहिराणी कानावरच वाढलेली, पण आमच्या घरात ती बोलली की आई रागवायची, बाहेर हसतील म्हणून. त्या दिवशी मी ती शिकवायला बसले.

"यामा शेंगदाना शे का?"

साहेबांनी वहीत आपल्या अक्षरांत लिहून घेतलं. अहिराणीत ण नाही, त्यामुळे त्यांचं अर्धं काम सोपं झालं. तास लागला. माझ्या वर्गातल्या कुणीही एवढी मन लावून मेहनत केलेली मी पाहिली नव्हती. मधेच त्यांनी विचारलं, तेलासाठी काय? मी म्हटलं, तेल म्हणजे तेल. आणि कढईसाठी? आणि शेंगदाण्याला लावलेला चमचाच भाजीत घातला असेल तर? साहेबांच्या प्रत्येक शब्दाला आणखी तीन प्रश्न होते. मी सगळ्यांची उत्तरं दिली.

साहेबांच्या आग्रहावरून मी वर्गाला सुट्टी दिली आणि त्याच दुपारी त्यांच्याबरोबर गेस्ट हाऊसवर गेले. चौधरी तिथेच होते. टेबलावर बाकीच्यांसाठी कढी, भेंडीची भाजी, पोळ्या. अक्कांनी साहेबांपुढे बटाटा आणून ठेवला. साहेबांनी तो बाजूला सारला, भेंडीची वाटी स्वतःकडे ओढली, आणि अक्कांकडे मान वर करून, सावकाश, एकेक अक्षर वेचत विचारलं, "यामा शेंगदाना शे का?"

चौधरी हसले. टेबलावरचा एक पाहुणाही हसला. चौधरींनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "वा मॅडम."

अक्का हसल्या नाहीत. त्या साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिल्या, जणू ते आणखी काही बोलतील. मग त्यांनी भेंडीची वाटी उचलली. ताट उचललं, पेला, चमचा, सगळं उचलून आत नेलं. मला वाटलं, रागावल्या. आतून नळाचा आवाज यायला लागला, भांड्यावर राख घासल्याचा आवाज, पुन्हा नळ. मी दारापर्यंत गेले. त्यांनी कढई घासली होती, झारा घासला होता, विळी धुतली होती, ओटा पुसला होता. तेलाचा डबा उचलून मागच्या दारी नेऊन ठेवला. तुपाचा नवा डबा फोडला. टोपलीतून नव्या भेंड्या काढून धुतल्या, फडक्याने एकेक पुसली आणि चिरायला बसल्या.

बाहेर बाकीच्यांचं जेवण झालं. चौधरी हात धुऊन निघून गेले. साहेब रिकाम्या टेबलावर हात ठेवून बसून होते, पाऊण तास, आणि त्यांनी एकदाही आत डोकावून पाहिलं नाही.

शेवटी अक्का ताट घेऊन आल्या. भेंडीची भाजी, दोन पोळ्या, वाटीत वरण. ताट साहेबांपुढे ठेवलं आणि त्यांच्या समोर, टेबलाच्या पलीकडे, उभ्या राहिल्या.

"नही," त्या म्हणाल्या.

साहेबांनी पोळी मोडली.